जीवदानी डोंगराच्या दंतकथा
विरारच्या पूर्वेकडील जीवदानी डोंगरातील लेणी पांडवांनी वनवासात खोदली, अशी लोकसमजूत आहे. (हा मान राज्यातील अनेक लेण्यांस मिळालेला आहे!) त्याहून अभ्यसनीय कथा गुराख्याची. गावची गुरे राखणारा एक महार कळपात येणाऱ्या अनोळखी गाईमागे डोंगरमाथ्यावर गेला व तेथे प्रकटलेल्या देवीकडे त्याने राखणीची मजुरी मागितली. ती हाती देऊ लागताच, आपणास शिवू नये, असे त्याने विनविले. देवीने त्यास मोक्ष दिला. गाईने कड्यावरून उडी घेतली. कथा नोंदविताना शिक्षकांनी मजुरीचा व अस्पृश्यतेचा भाग गाळू नये. गावगाड्याचा पुरावा त्यातच आहे. कथांतील स्थळनामेही उतरून घ्यावीत. जवळच्या सोपाऱ्यात ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणविल्या जाणाऱ्या टेकाडात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना बौद्ध स्तूप आढळला.