संकेतस्थळाची मेमरी संपते तेव्हा

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांनी आता संकेतस्थळावरून विक्री सुरू केली आहे. अशी पुष्कळ दुकाने पीएचपी या भाषेवर चालतात. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ साली लोकांपुढे आणली. गिऱ्हाईक माल निवडते, पैसे भरते आणि पान एकाएकी पांढरे पडते. पैसे गेले की नाही हे त्यालाही कळत नाही, आपल्यालाही नाही. अशा वेळी सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये १३४२१७७२८ हा आकडा दिसला, तर मेमरी संपली असे समजावे.

हा आकडा म्हणजे १२८ एमबी. वेगळे सांगितले नसेल तर पीएचपी एका विनंतीला एवढीच मेमरी देते. ती कशात जाते? बहुधा मालाच्या फोटोंत. मोबाइलवर काढलेला फोटो तीन एमबीचा दिसतो. पण कापडाचा ताका घडी केलेला असतो तोवर लहान, उलगडला की दुकान भरते, तसेच याचे आहे. ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो लहान करण्यासाठी उघडला की एक कोटी वीस लाख ठिपके, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे सुमारे ४६ एमबी लागतात. असे तीन फोटो एकदम उघडले की मर्यादा संपली!

यावर प्रोग्रामर मंडळी मर्यादाच वाढवून देतात. आम्हाला हा इलाज पसंत नाही. मर्यादा प्रत्येक विनंतीला स्वतंत्र असते. ती ५१२ एमबी केली आणि दोन जीबीच्या सर्व्हरवर पाच जड कामे एकदम आली, तर सगळे दुकानच बंद पडू शकते. त्यापेक्षा एक फोटो उघडावा, लहान करावा, मेमरी मोकळी करावी, मगच दुसरा घ्यावा. वर्षभराच्या बिलांची यादीही एकेक ओळ वाचून काढावी. मात्र मायएसक्यूएलचा सगळा निकाल पीएचपी सहसा आधीच मेमरीत भरून घेते. तो ‘अनबफर्ड’ मागितला नाही, तर ओळीओळीने वाचूनही फायदा नाही.

एवढे करूनही मेमरी संपलीच तर? २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ पासून अनेक घातक चुका ‘ट्राय-कॅच’ने पकडता येतात, ही मात्र येत नाही. प्रोग्राम तिथेच थांबतो. पण जाण्यापूर्वी तो ‘शटडाउन फंक्शन’ चालवितो. तेथे शेवटची चूक तपासून तिची नोंद करावी व गिऱ्हाइकाला सरळ निरोप द्यावा. या कामालाही थोडी मेमरी लागते. म्हणून सुरुवातीलाच काहीशे केबी अडवून ठेवाव्यात आणि येथे आल्याबरोबर सोडाव्यात. गल्ल्यात वेगळी ठेवलेली नोट अडीअडचणीला काढतो, त्यातलाच हा प्रकार.

साठा कमी करणे व बिल लिहिणे ही दोन्ही कामे एकाच ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये हवीत. इनोडीबी तक्त्यांत मध्येच प्रोग्राम थांबला तर दोन्ही रद्द होतात. नाहीतर माल वहीतून कमी होतो आणि बिल मात्र सापडत नाही. पैसे भरून घेणाऱ्या कंपनीचा हिशेब यात येत नाही. तो रोज वेगळा ताडून पाहावा.

प्रोग्रामरकडून एक चाचणी जरूर करून घ्यावी. दुकानाच्या चाचणी प्रतीवर मर्यादा ३२ एमबी करावी, असा एक मोठा फोटो चढवावा आणि गिऱ्हाइकाला पडद्यावर काय दिसते ते शेजारी बसून पाहावे.