आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि आपला पूर्णविराम



या अंकातील अभ्यासपाठासाठी आम्ही घेतलेला विषय पाठ्यपुस्तकात नाही, पण रोज संध्याकाळी तो जवळजवळ प्रत्येक घरात हजर असतो. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहून झाला की दुसरा आपणहून सुरू होतो. फेसबुक उघडून अंगठ्याने पान वर सरकवले की वाटेत येणारा प्रत्येक व्हिडिओ आपण बोट न लावताच हलू-बोलू लागतो. याला 'ऑटोप्ले' म्हणतात. तो बंद करता येतो, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. कसा बंद करावा ते पुढे सांगितले आहे. पण आधी तो काय आहे आणि का ठेवला आहे हे समजून घेऊ, कारण न समजता बंद केलेले बटण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे वाक्य संपले की उभी रेघ, मराठीत टिंब. खूण वेगळी असली तरी काम एकच : इथे थांबा, श्वास घ्या, झालेले समजले का ते पाहा, मग पुढे जा. विरामचिन्हे काढून टाकलेला उतारा वर्गात मोठ्याने वाचायला दिला तर चांगला वाचणारा विद्यार्थीही दमतो, आणि काय वाचले ते शेवटी त्याला सांगता येत नाही. ऑटोप्ले म्हणजे पूर्णविराम खोडून टाकलेला उतारा.

पूर्वीच्या करमणुकीत पूर्णविराम होते आणि ते आपण घातलेले नव्हते. नारायणगुड्यात शांती किंवा दीपक महलला सिनेमा पाहिलेल्या पालकांना आठवत असेल, मध्यंतर व्हायचे, शेवटी दिवे लागायचे आणि उठावेच लागायचे. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले. रविवारचा भाग संपला की पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. त्या काळची मुले फार संयमी होती असे आमचे मत नाही. त्यांच्यापुढे थांबण्याची जागा तयार असे, एवढेच. आज ती जागा मुद्दाम बुजवली आहे आणि वर आपण मुलांना म्हणतो, 'तुला कळत नाही का कधी थांबायचे?' मोठ्यांनाही कळत नाही. रात्री साडेअकराला 'एकच बघतो' म्हणणारे बहुतेक वेळा बाबाच असतात.

ही जागा कशी बुजत गेली ते पाहा. २००६ साली अझा रॅस्किन नावाच्या संगणकतज्ज्ञाने पान कधी न संपता खाली वाढतच जाईल अशी रचना तयार केली. पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेसबुकवर आपोआप चालणारे व्हिडिओ २०१३ मध्ये आले, ट्विटरवर जून २०१५ मध्ये. यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ स्वतःहून लागण्याची सोयही २०१५ ची. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० मध्ये शाळा बंद पडून वर्गच मोबाईलवर आला आणि त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली. तिची रिकामी जागा इन्स्टाग्रामच्या रील्सनी जुलैत आणि यूट्यूबच्या शॉर्ट्सनी सप्टेंबरात भरायला घेतली. म्हणजे ज्या वर्षी आपणच मुलांच्या हाती फोन दिला, त्याच वर्षी तो फोन सर्वांत जास्त चिकट झाला.

यामागचे कारण साधे आहे. या कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींचे, आणि आपण जितका वेळ बघत राहू तितक्या जाहिराती जास्त. मिठाईवालाही ताट पुढे मांडतो, पण तो आपल्या तोंडात पेढा घालत नाही. ऑटोप्ले घालतो, आणि नको म्हणण्याचे काम आपल्यावर टाकतो. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी नेटफ्लिक्स पाहणाऱ्यांवर प्रयोग करून पाहिला. ऑटोप्ले बंद केल्यावर एका बैठकीत पाहण्याचा वेळही कमी झाला आणि दिवसाची सरासरीही. कोणी उपदेश केला नव्हता, फक्त एक बटण बदलले होते.

आता आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा मुलांचे लक्ष लागत नाही, घरी गेली की ती मोबाईलला चिकटतात आणि मोठी माणसे टीव्हीला, अशी तक्रार शिक्षकांकडून येऊ लागली. सरपंच विजय मोहिते यांनी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातील महिलांची सभा घेतली. आपणही टीव्ही आणि मोबाईलमध्ये अडकलो आहोत हे महिलांनी त्या सभेत मान्य केले आणि ठरले की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल. भोंगा झाला की साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना आठवण करून देत. या गावाची बातमी पुढे परदेशातही गेली.

आम्हाला या प्रयोगातली दीड तासाची शिस्त आवडली, पण त्याहून दुसरी गोष्ट मोलाची वाटते. भोंगा सर्वांसाठी होता. मुलाला 'अभ्यास कर' सांगून आईने मालिका पाहायची सोय त्यात नव्हती. गावाने खोडला गेलेला पूर्णविराम पुन्हा लिहिला आणि तो सगळ्यांच्या वाक्याला लावला.

नारायणगुड्यात भोंगा वाजवून उपयोग नाही. चौरस्त्यावरच्या बसच्या आणि ऑटोच्या हॉर्नमध्ये तो कोणाला ऐकू जाणार? एकाच इमारतीत तेलुगू, मराठी, मारवाडी, उर्दू बोलणारी बिऱ्हाडे, कोणाची ड्यूटी रात्रीची, कोणाचे दुकान नऊला बंद होणारे. इथे प्रत्येक घराला आपला भोंगा आपणच बसवावा लागेल, आणि ऑटोप्ले बंद करणे ही त्याची पहिली पायरी.

वेळ वाया जातो एवढाच हा प्रश्न असता तर आम्ही इतकी पाने खर्च केली नसती. २६ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एका दूरचित्रवाणी वार्ताहर तरुणीला आणि तिच्या छायाचित्रकाराला थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालून मारण्यात आले. मारेकऱ्याने स्वतः घेतलेले चित्रण ट्विटर आणि फेसबुकवर टाकले. ट्विटरने ऑटोप्ले सुरू करून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. बातमी वाचायला गेलेल्या कित्येकांच्या पडद्यावर ती हत्या, त्यांनी न मागता, सुरू झाली. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत ५१ माणसे मारली गेली, आणि हल्लेखोराने ते फेसबुकवर थेट दाखवले. पहिल्या चोवीस तासांत त्या चित्रणाच्या १५ लाख प्रती काढल्या, असे फेसबुकनेच सांगितले. त्यांतल्या १२ लाखांहून अधिक चढवतानाच अडवल्या. म्हणजे उरलेल्या लाखो प्रती काही काळ तरी लोकांच्या समोर होत्या.

पडद्यावर अशी चौकट दिसली आणि ती स्थिर असली, तर मोठा माणूस वरची ओळ वाचून पुढे जाऊ शकतो, मूल आईला हाक मारू शकते. चौकट आपोआप चालू झाली की तो एक क्षण मिळत नाही. पाहिलेले न पाहिलेले करता येत नाही. दंगल, अपघात, आग अशा बातम्यांच्या दिवशी तर हे बटण बंद असणे फारच आवश्यक आहे.

आता प्रत्यक्ष कृती. मेनूतील नावे इंग्रजीतच दिसतात, म्हणून तीच दिली आहेत. ॲप अद्ययावत झाले की ती थोडी इकडेतिकडे होतात, तेव्हा गोंधळू नये. 'सेटिंग्ज'मधील शोधाच्या रकान्यात 'ऑटोप्ले' लिहिले तरी बहुधा सापडते.

यूट्यूबवर कोणताही व्हिडिओ लावून त्यावर एकदा बोट टेकवा. वरच्या बाजूला एक छोटी सरकपट्टी दिसेल, ती बंद करा. मग पुढचा व्हिडिओ आपणहून लागणार नाही. यादी पाहतानाच जे व्हिडिओ मुक्याने हलू लागतात त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये 'प्लेबॅक इन फीड्स' आहे, तेही 'ऑफ' करा. फेसबुकवर 'सेटिंग्ज'मध्ये 'मीडिया' आणि त्यात 'ऑटोप्ले'. तीन पर्यायांपैकी 'नेव्हर' निवडावा. 'वाय-फाय ओन्ली' निवडून अनेक जण समाधान मानतात, पण घरी वाय-फाय असेल तर त्याने डेटा वाचतो, मूल वाचत नाही. ट्विटरचे आताचे नाव एक्स. त्यात 'ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड लँग्वेजेस' मध्ये 'डेटा यूसेज' आणि तिथे 'व्हिडिओ ऑटोप्ले'. नेटफ्लिक्सवर प्रोफाईलच्या 'प्लेबॅक सेटिंग्ज'मध्ये पुढचा भाग आपोआप लागण्याची खूण काढता येते.

व्हॉट्सॲपचे थोडे वेगळे आहे. तिथे व्हिडिओ स्वतः सुरू होत नाही, पण स्वतः उतरतो. 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये 'मीडिया ऑटो-डाउनलोड' पाहा आणि मोबाईल डेटा, वाय-फाय, रोमिंग अशा तिन्ही ठिकाणी 'व्हिडिओज' पुढची खूण काढून टाका. आजोबांचा फोन भरला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी हे करून पाहावे. नातेवाइकांच्या ग्रुपमधल्या सुप्रभाताच्या चित्रफितींनी निम्मे काम केलेले असते!

इन्स्टाग्रामच्या रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स यांवर मात्र हा उपाय फारसा चालत नाही. त्यांची रचनाच अशी आहे की अंगठा सरकला की पुढचे सुरू. तिथे दिवसाची वेळमर्यादा लावता येते. पण मर्यादा संपल्याची सूचना पुसून टाकायला एक बोट पुरते. लहान वर्गांतील मुलांच्या हाती येणाऱ्या फोनवर ही ॲप असूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नियमानुसारही तेरा वर्षांखालील मुलांना खाते उघडता येत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. २०२१ पासून यूट्यूब १३ ते १७ वयाच्या मुलांच्या खात्यावर ऑटोप्ले मुळातच बंद ठेवते. पण आपली मुले स्वतःच्या खात्यावर पाहतात कुठे? ती आईच्या, मामाच्या, आजीच्या फोनवर पाहतात. यूट्यूबच्या हिशोबी तिथे बेचाळीस वर्षांची गृहिणी किंवा सत्तर वर्षांच्या आजी बसलेल्या असतात, म्हणून मुलांसाठी केलेली ती सोय आपल्या मुलांपर्यंत पोचतच नाही. ज्या फोनवर मूल पाहते त्या प्रत्येक फोनवर हे बटण हाताने बंद करावे लागेल, गावाहून आलेल्या पाहुण्यांचा फोन धरून.

काही पालक विचारतील, मुले गणिताचे धडे, नाट्यगीते, कीर्तनही यूट्यूबवरच ऐकतात, मग? अवश्य ऐकावीत. हैदराबादमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या कानावर चांगली मराठी पडण्याचा तो एक मोठा मार्ग आहे, आणि आमच्या शिक्षिकाही वर्गात त्याचा उपयोग करतात. ऑटोप्ले बंद केल्याने यातले काहीच बंद होत नाही. भागाकाराचा धडा संपला की पडदा शांत होतो आणि वही उघडायला वेळ मिळतो. पुढचा धडा हवा असेल तर तो निवडून लावायचा.

इयत्ता सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ : वहीचे एक पान उभे दुभागा. डावीकडे 'मी निवडलेला', उजवीकडे 'आपोआप आलेला'. तीन दिवस नेहमीप्रमाणे पाहताना प्रत्येक व्हिडिओची एक रेघ योग्य बाजूला मारा. चौथ्या दिवशी घरातील मोठ्यांसमोर वरील सेटिंग्ज बदला आणि आणखी तीन दिवस रेघा मारा. घरातील एका मोठ्या माणसानेही स्वतःचे वेगळे पान भरावे. कोणाच्या पानावर किती रेघा आहेत यावरून गुण दिले जाणार नाहीत, म्हणून खऱ्याच माराव्यात. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्यांनी टीव्हीची नोंद करावी : ठरवून लावलेला कार्यक्रम आणि तो संपल्यावर चालू राहिला म्हणून पाहिलेला.

पाने येत्या पालकसभेला सोबत आणावीत. ज्या पालकांना सेटिंग सापडत नसेल त्यांनी फोन घेऊन सभेच्या अर्धा तास आधी संगणक कक्षात यावे. दहावीचे विद्यार्थी मदतीला बसतील.