मुक्त चित्रे, मुक्त खेळ : शाळेत करावयाचा एक उद्योग

राधानगरीच्या बाजूस आषाढ लागला म्हणजे शाळेचे मैदान शाळेस उरत नाही. दाजीपूरच्या अंगाने सरीवर सरी येतात आणि मधल्या सुटीत सारा वर्ग पडवीत कोंडला जातो. पूर्वी अशा वेळी मुले कोळशाने फरशीवर वाघबकरीचा पट आखीत. हा खेळ कोणी रचला हे कोणी विचारीत नसे. पट कोणीही आखावा, खडे कोणीही वेचावेत. एका गावी बकऱ्यांची संख्या एक, तर ओढ्यापलीकडच्या गावी दुसरी. आणि नियम बदलला म्हणून कोणी कोणावर फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही.

संगणकावरील खेळ व त्यांतील चित्रे याच रीतीने निर्माण करणारी हौशी माणसे आज जगभर आहेत. पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात चित्रे काढावीत वा खेळाची आज्ञावली लिहावी, आणि ती तिच्या मूळ साच्यासह सर्वांस देऊन टाकावी, असा त्यांचा उद्योग आहे. मूळ साच्यासह, हे शब्द शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावेत. एका शाळेत मी बेरजेचा एक सुरेख खेळ पाहिला. तो तेथील गुरुजींनीच रचलेला होता. परंतु त्यात 'बेरीज' हा शब्द 'बेरिज' असा उमटत असे. गुरुजींची बदली होऊन तीन वर्षे लोटली होती, मूळ आज्ञावली त्यांच्याबरोबर गेली होती, आणि मुले ती चूक रोज वाचीत होती. शाळेपाशी खेळ होता, पण तो दुरुस्त करण्याचे साधन नव्हते.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. मोफत म्हणजे मुक्त नव्हे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. तथापि त्यांचे हक्क मंडळाकडेच राहतात, आणि त्यांतील चित्र कापून आपल्या खेळात घालण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही. मुक्त वस्तू वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि बदललेली दुसऱ्यास द्यावी, अशी चारही मोकळीक असते. ती परवान्याने दिली जाते. आज्ञावलीसाठी 'जीपीएल' हा परवाना १९८९ साली निघाला. चित्रे, लेख, संगीत यांसाठी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या संस्थेने २००२ साली आपले परवाने प्रसिद्ध केले. त्यांतील काही केवळ कर्त्याचे नाव द्या एवढेच मागतात. काहींत बदललेली कृतीही त्याच अटीवर पुढे द्यावी लागते. काहींत बदल करण्यास वा व्यापारी उपयोगास मनाई असते, म्हणून परवाना वाचूनच चित्र घ्यावे. ज्यावर काहीच लिहिलेले नाही ते चित्र मुक्त समजू नये. आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क चालतो. कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील हक्क २००४ अखेर संपला.

हौशी लोकांच्या या कामात शिस्त नसते असा समज असेल तर तो चुकीचा आहे. 'ओपन गेम आर्ट' हे मुक्त चित्रांचे भांडार २००९ साली सुरू झाले. २०१२ साली त्याने इतर दोन संस्थांसह 'लिबरेटेड पिक्सेल कप' ही स्पर्धा भरविली. आधी चित्रे, मग त्या चित्रांवरून खेळ, असा तिचा क्रम होता. अनेक अनोळखी चित्रकारांची झाडे, घरे, माणसे एकाच खेळात शोभावीत म्हणून आरंभीच नियम ठरविले गेले : प्रत्येक चौकट बत्तीस ठिपके रुंद व तितकीच उंच, सर्व वस्तू एकाच कोनातून पाहिलेल्या, उजेडाची दिशा एक. वर्गात चाळीस मुलांकडून चित्रे काढून घ्यावयाची असतील तर हा धडा फार मोलाचा आहे. कागदाचा आकार आधी ठरवावा, मग खडू वाटावेत.

शाळेत आरंभ करण्यास 'टक्स पेंट' हा चित्रकलेचा कार्यक्रम उत्तम. तो २००२ साली अमेरिकेत बिल केंड्रिक यांनी सुरू केला, स्वयंसेवकांनी वाढविला आणि मराठीतही आणला. जुन्या संगणकावर, इंटरनेटवाचूनही तो चालतो. त्यात मुलांनी उमटवावयाचे शिक्के असतात, आणि शिक्का म्हणजे एक चित्र व त्याच नावाची मजकुराची छोटी फाईल. त्या फाईलमध्ये एकेका भाषेतील नाव एकेका ओळीवर असते. मुलाने काढलेला गवा वा शेकरू अशा शिक्क्यात घालता येतो, आणि त्यापुढे मराठी ओळ लिहिण्यास कोणत्याही तंत्रज्ञाची गरज पडत नाही.

वीज नसेल तर कागदावर करावे. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून केलेल्या खेळण्यांची कृती सर्वांस खुली ठेवली, म्हणूनच ती खेडोपाडी पोचली. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपल्या मुलांस ठाऊक आहेत. चिंचोके टाकून पाणी भरावे, शंभर झाले की एक दरवाजा उघडावा, सातही उघडले की डाव संपला; असा बेरजेचा पट मुलेच रचतील. पटावरील अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीने केलेला 'मुक्ता' हा टंक वापरावा. तोही मुक्त परवान्याचा आहे.

एक सावधगिरी मात्र पाळावी. मुलाने काढलेल्या चित्राचा हक्क त्या मुलाचा असतो, गुरुजींचा नव्हे. बाहेर देण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि चित्राखाली पहिले नाव व इयत्ता एवढेच लिहावे. मूल नको म्हणाले तर चित्र घरी न्यावयास द्यावे. त्याचे मन मोडून भांडार भरण्यात काही अर्थ नाही.

तयार झालेला खेळ, मूळ चित्रे, आज्ञावली, आणि कोणाचे काय व कोणत्या परवान्यावर हे सांगणारा एक साधा कागद, हे सर्व एका ठिकाणी ठेवावे. त्याची एक प्रत केंद्रशाळेत द्यावी. बदलीच्या वेळी चार्जच्या यादीत टेबल, खुर्ची, नकाशे यांखाली त्याचीही एक ओळ घालावी.