आजोबांचे टाळ जपावेत की वाजवावेत?

प्रश्न : आम्ही आळ्याचे. वारकरी आजोबांचे टाळ घरी आहेत. दोरी जीर्ण, काठ झिजलेले. काचेच्या पेटीत ठेवावेत का?

उत्तर : नको, वाजवा. ती झीज म्हणजे आजोबांचं भजनच आहे. टाळ काशाचे, म्हणजे तांबं-कथलाचे असतील, तर काठाला तडा नाही ना, हे आधी पाहा. तडा गेला की नाद बसका येतो. नवी सुती दोरी ओवा, जुनी पुडीत जपून ठेवा. पॉलिश टाळा, कोरड्या फडक्याने पुसा.

ज्ञानोबांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तुमच्याच गावात आहे. मुक्या जिवाला वाचा देणाऱ्या परंपरेतले टाळ मुके ठेवू नयेत. येत्या एकादशीला ते नातवंडांच्या हाती द्या.