उनोचा डाव, 'तर' आणि 'तरच'



आनंददायी शनिवारी माझ्या चौथीच्या वर्गात उनोचा डाव रंगला होता. एकाने 'अधिक दोन'चा पत्ता टाकला. पुढच्या मुलीने त्यावर आपला 'अधिक दोन' ठेवला आणि तिसऱ्यावर सगळे ओरडले, "चार उचल!" तो म्हणाला, "असं नसतंच मुळी." मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हटलं, "सगळे म्हणतायत ना, उचल मग." त्याने पत्ते उचलले. पण पुढच्या शनिवारी तो खेळायला बसलाच नाही.

तेव्हा कुठे मी डब्यातली नियमपत्रिका उघडली. 'अधिक दोन'वर 'अधिक दोन' टाकून शिक्षा पुढे ढकलता येत नाही. ज्याच्यावर पडला त्याने दोन पत्ते उचलायचे आणि पाळी सोडायची. म्हणजे त्या मुलीनेच दोन उचलायचे होते, त्याला एकही नाही! सोमवारी वर्गासमोर मी त्याला म्हटलं, "तू बरोबर होतास. मी न वाचताच निकाल दिला."

मग आम्ही इंग्रजी नियम सोप्या मराठीत फळ्यावर लिहिले आणि वाद सोडवायच्या तीन पायऱ्या ठरवल्या :

१) पत्रिकेत काय लिहिलंय? मोठ्याने वाचायचं.
२) डावाआधी आपलं काही वेगळं ठरलं होतं का? ठरलं असेल तर तेच चालेल. घरोघरी '२ वर २' चालतं, त्यात चूक नाही. पण ते आधी ठरायला हवं.
३) दोन्हीकडे उत्तर नाही? मग ज्याचा त्यात फायदा-तोटा नाही, त्याने या डावापुरता निर्णय द्यायचा.

डाव चालू असताना नियम बदलायचा नाही, हे मात्र पक्कं.

आता भाषेचा धडा बघा. 'अधिक चार'चा पत्ता कधी टाकता येतो? चालू रंगाचा एकही पत्ता हातात नसेल तरच. मुलांनी आधी 'तर' लिहिलं होतं. एका 'च'ने नियम किती बदलतो, हे व्याकरणाच्या तासापेक्षा इथे लवकर कळलं. संशय आला तर पुढचा खेळाडू आव्हान देऊ शकतो. टाकणाऱ्याने लबाडी केली असेल, तर चार पत्ते त्यानेच उचलायचे. तो खरा निघाला, तर आव्हान देणाऱ्याने सहा! उगाच कुणावर आळ घेतला की दोन पत्ते जास्तीचे, हे मुलांना फार पटलं.

'मंचकिन' नावाचा एक विनोदी पत्त्यांचा खेळ आहे. त्याच्या नियमांत गमतीने म्हटलंय की, वाद झाला तर जोरजोरात भांडा आणि शेवटचा शब्द पत्त्यांच्या मालकाचा. म्हणजे आपलं 'ज्याची बॅट त्याची बॅटिंग'च! मोठ्यांना त्यात हसू येतं. पण वर्गात ज्याच्याकडे बॅटही नाही आणि आवाजही नाही, त्याचं काय? त्याच्यासाठीच तर लिहिलेला नियम असतो.

पालकहो, घरी भांडण झालं तर लगेच निकाल देऊ नका. "वाचून दाखव बरं," एवढंच म्हणा.

आणि तो मुलगा? आता खेळतो. डबा उघडला की आधी नियमपत्रिका बाहेर काढतो आणि मगच पत्ते पिसतो.