एकाच फाइलचे वेगवेगळे आकडे

ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या टसर रेशमाच्या पतंगाचा जीनोम आम्ही जुळवला होता. तो कितपत पूर्ण आहे, हे पाहायला मी बुस्को हे सॉफ्टवेअर चालवलं. एखाद्या गटातल्या जवळजवळ सगळ्या प्रजातींत एकेकच प्रत असलेली जनुकं घ्यायची आणि त्यांतली आपल्याकडे किती सापडतात ते मोजायचं, एवढंच हे काम. पतंग-फुलपाखरांच्या ओडीबी१० संचात अशी ५२८६ जनुकं आहेत. माझ्या निकालात त्यांतली बरीच बेपत्ता होती.

जुळणीच कच्ची राहिली, असं मी धरून चालले. गडचिरोलीहून नवे कोष मिळायला पुढचा हंगाम उजाडला. पुन्हा डीएनए काढला, पुन्हा सिक्वेन्सिंग केलं, प्रकल्पाचा उरलेला पैसा त्यात गेला. तरी जनुकं बेपत्ताच! शेवटी एका रात्री पहिलीच फाइल, काहीही न बदलता, पुन्हा चालवली. आकडा वेगळा आला. तिसऱ्यांदा चालवली, तर तिसराच.

त्या वेळचं बुस्को जनुकांचा पहिला माग टीब्लास्टएन या शोधसाधनाकडून काढून घ्यायचं. टीब्लास्टएनच्या २.४.० ते २.१०.० या आवृत्त्यांत एक दोष होता: अनेक थ्रेडवर चालवलं की काही नोंदी गळायच्या. लाल अक्षरांतला इशारा नाही, काम अर्धवट थांबणं नाही. निकालाची फाइल अगदी नीटनेटकी. एकाच थ्रेडवर चालवल्यावर आकडा स्थिर झाला आणि ‘बेपत्ता’ जनुकं पहिल्याच जुळणीत सापडली.

म्हणून निकाल वाईट आला तर आधी तीच फाइल दुसऱ्यांदा चालवा. मग ज्याचा जीनोम चांगला माहीत आहे असा जवळचा जीव घ्या (मला तुतीचा रेशीमकिडा चालला असता) आणि त्याच संगणकावर, त्याच आदेशाने तपासा. तिथेही जनुकं हरवली, तर बिघाड तुमच्या जुळणीत नाही. ही तपासणी मी केली असती तर एक हंगाम वाचला असता.

बुस्कोसोबत जनुकं ओळखायला ऑगस्टस वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये लिहायची परवानगी लागते. सामाईक सर्व्हरवर ती सहसा नसते. फोल्डरची प्रत स्वतःच्या जागेत ठेवा आणि तो मार्ग सेट करा. सर्व्हरला इंटरनेट नसेल तर जनुकांचा संच आधीच उतरवून ठेवा. सर्व युकॅरिओटांच्या ओडीबी१० संचात फक्त २५५ जनुकं आहेत. त्यावरचा चांगला आकडा पाहून निर्धास्त होऊ नका, जवळच्या गटाचा संच घ्या. आणि ‘दुहेरी’ जनुकं वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. बहुतेकदा आईकडची आणि बापाकडची प्रत वेगवेगळी राहून गेलेली असते.

शोधनिबंधात पूर्णतेची टक्केवारी द्याल तेव्हा बुस्कोची आवृत्ती, संचाचं नाव आणि आतल्या साधनांच्या आवृत्त्याही शेजारी लिहा. पुढच्याला तेवढ्यावरूनच तुमचा आकडा पडताळता येईल.