वळवाचा पाऊस आणि बालकाचे घर

(परिसर अभ्यास : इयत्ता ३ री व ४ थी. अवधी : चार तासिका)

१. विषयाचे प्रयोजन

फाल्गुन सरून चैत्र लागला, की महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांत शाळा सकाळची भरू लागते. वार्षिक परीक्षेची तयारी चालू असते. आणि त्याच सुमारास एखाद्या दुपारी आभाळ भरून येते, धुळीचे लोट उठतात आणि वळवाचा पाऊस कोसळतो. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. अशा वेळी मुलांना गप्प बसवून उजळणी पुढे चालवणारा शिक्षक एका उत्तम पाठाची संधी दवडतो, असेच म्हणावे लागेल.

या पावसाचा एक विशेष शिक्षकाने प्रथमच ध्यानात घ्यावा. मृगाचा पाऊस मुलाला शाळेच्या वाटेवर गाठतो. वळवाचा पाऊस त्याला घरी गाठतो. तो बहुधा दुपार कलल्यावर किंवा सायंकाळी, म्हणजे शाळा सुटल्यानंतर येतो. वैशाखात येतो तेव्हा तर उन्हाळ्याची सुट्टीच लागलेली असते. त्या घटकेस मुलाजवळ गुरुजी नसतात, बाई नसतात. पुष्कळदा आईवडीलही रानात असतात. जवळ असते ते धाकटे भावंड, थकलेली आजी, आणि शाळेत जे काही शिकले असेल ते. म्हणून या पावसाचा पाठ सुट्टीपूर्वीच व्हावयास हवा, आणि तो पुस्तकापासून सुरू न होता घरापासून सुरू व्हावयास हवा.

शाळेने घराकडे जाण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पाड्यावरील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. मुलाचे काम, त्याचे भावंड आणि त्याचे अंगण ही शिक्षणातील अडचण नसून शिक्षणाचे साहित्य आहे, ही दृष्टी त्या प्रयोगांमागे होती. प्रस्तुत पाठातही तीच दृष्टी ठेवावी.

२. घरातील एक दुपार

पाठाची तयारी करताना शिक्षकाने आपल्या गावातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. अंगणात खाटेवर जुने लुगडे पसरून आजीने कुरडया व सांडगे वाळत घातले आहेत. आठ वर्षांची नात हाती काठी घेऊन कावळे हाकीत बसली आहे. कुडाशी गोवऱ्या रचल्या आहेत, शेजारी सरपण आहे. आई कांदा काढावयास गेली आहे, वडील कडब्याची गाडी आणावयास गेले आहेत. चार वर्षांचा धाकटा भाऊ मघापर्यंत ओट्यावर खेळत होता.

एकाएकी उजेड मंदावतो. गार वारा सुटतो, डोळ्यांत धूळ जाते. आजी ओरडते, "अगं, आधी कुरडया उचल, कुरडया!" मुलगी लुगड्याची चारी टोके धरून वाळवण आत नेते, गोवऱ्यांवर गोणपाट टाकते, शेळी आत बांधते. टपोरे थेंब पडू लागतात, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येते, की धाकटा घरात नाही. तो बांधावरच्या आंब्याखाली कैऱ्या वेचीत असतो. कारण वारा सुटला की कैऱ्या पडतात, हे चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते.

या घराला कोणी दोष देऊ नये. कुरडया म्हणजे आजीचे आठ दिवसांचे कष्ट आणि घराची वर्षाची बेगमी असते. गोवऱ्या भिजल्या तर चूल पेटत नाही. नुकसान खरे असते, म्हणूनच घाई होते. परंतु घाईत क्रम चुकतो. तो क्रम नीट लावून देणे, हा या पाठाचा मुख्य हेतू होय : आधी माणूस, मग जनावर, मग वाळवण.

३. पहिली तासिका : संभाषण

पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा पाठ घ्यावा. प्रारंभी शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : "काल आभाळ आले तेव्हा तुमच्या घरी काय काय आत घेतले?" उत्तरे भराभर येतील. "गुरुजी, आम्ही चिंच आत घेतली." "आमच्या आजीने पापड." "माझ्या दादाने मिरच्या." सर्व उत्तरे फळ्यावर लिहावी. वाळवण, सरपण, वैरण, धान्य असे त्यांचे गट मुलांकडूनच पाडून घ्यावे. शहरातून आलेल्या पुस्तकात न सापडणारे कितीतरी शब्द या निमित्ताने लेखनात येतात.

नंतर दुसरा प्रश्न विचारावा : "आणि कोणाला आत घेतले?" येथे वर्ग क्षणभर थांबेल. मग एखादे मूल सांगेल, "बाळाला", दुसरे सांगेल, "आजोबांना, त्यांना दिसत नाही." ही उत्तरे फळ्याच्या अगदी वरच्या बाजूस लिहावी. उपदेश करण्याची आवश्यकता नाही; फळ्यावरील जागाच मुलांना क्रम सांगते. शेवटी प्रत्येकाने वहीत आपल्या घराची यादी करावी : आभाळ आले तर कोणी काय करावयाचे. ही यादी घरी वाचून दाखवावी व आईच्या किंवा आजीच्या सांगण्याप्रमाणे दुरुस्त करून आणावी.

४. दुसरी तासिका : पाऊस कसा येतो?

मुलांना कारणे थोडक्यात, पण खरी सांगावी. चैत्र-वैशाखात जमीन फार तापते. तिच्यालगतची हवा तापून हलकी होते व वर जाते. समुद्राकडून आलेले बाष्प त्या हवेत असेल, तर उंचावर ती निवते आणि बाष्पाचे ढग बनतात. हे ढग मैदानातील झाडासारखे आडवे न पसरता मनोऱ्यासारखे उंच वाढतात. त्यांचा माथा दहा-बारा किलोमीटरपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. तेथे पाणी गोठून हिमकण होतात. याच कणांवर थरावर थर गोठत गेले की गारा तयार होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत गारपिटीने उभी पिके व फळबागा झोडपून काढल्या, हे थोरांना स्मरत असेल. मुलांनी त्यांच्याकडून ती हकीकत विचारून यावी.

पावसाआधी गार वारा का सुटतो, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. ढगातून पडणाऱ्या थेंबांपैकी काहींची वाटेतच वाफ होते. वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडते, हवा गार व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तोच धुळीचा लोट. म्हणजे गार वाऱ्याची झुळूक ही सुखाची तशीच इशाऱ्याचीही खूण आहे.

५. तिसरी तासिका : गणित व मापन

सरळ कडांचे, सपाट बुडाचे भांडे उघड्यावर, झाडाखाली किंवा वळचणीला नव्हे, ठेवावे. त्यात साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की पाऊस किती मिलिमीटर पडला ते कळते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याच्या केंद्रांवर रोजचा पाऊस सकाळी ८.३० वाजता मोजतात. सकाळच्या शाळेतील मुलांना ही वेळ साधणे सहज शक्य आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. आता उदाहरण घालावे : घराचे पत्र्याचे छप्पर ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे, पाऊस १० मिलिमीटर झाला, तर छपरावर किती पाणी पडले? क्षेत्रफळ २४ चौरस मीटर. पाणी २४० लिटर. हंडा १५ लिटरचा धरला, तर १६ हंडे. भर उन्हाळ्यात आई विहिरीवरून किती खेपा करते, हे मुलांना माहीत असते. म्हणून १६ हा आकडा त्यांना लगेच कळतो. पन्हळ लावून हे पाणी साठवता येईल काय, याची चर्चा करावी. पहिल्या पावसात छपरावरील धूळ व घाण येते. ते पाणी पिण्यास घेऊ नये, झाडांना किंवा धुण्यास वापरावे, हेही सांगावे.

दुसरे उदाहरण विजेचे. वीज दिसते तत्क्षणी, पण आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर एवढेच अंतर चालतो. म्हणजे एक किलोमीटर यावयास त्याला सुमारे ३ सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ९ सेकंद लागले, तर ती किती दूर? सुमारे ३ किलोमीटर. ३० सेकंद लागले तर सुमारे १० किलोमीटर. मुलांनी संथपणे अंक मोजण्याचा सराव करावा. हे गणित परीक्षेपुरते नाही, हे पुढील तासिकेत स्पष्ट होते.

६. चौथी तासिका : घरी न्यावयाची दोन ज्ञाने

(अ) विजेपासून रक्षण. चमक व गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज धोक्याच्या टप्प्यात आली असे समजावे. त्या क्षणी पक्क्या घरात जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या उंच झाडाखाली कधीही उभे राहू नये. कैऱ्या कितीही पडोत, त्या पाऊस थांबल्यानंतरच वेचाव्या. पाण्यातून व तारेच्या कुंपणापासून दूर व्हावे. घरातही नळ, वायर व खिडकी यांना स्पर्श करू नये. उघड्या रानात सापडल्यास व आसरा मुळीच नसल्यास, पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे झोपू नये, आणि घोळका न करता अंतर ठेवावे. परंतु हा अगदी शेवटचा उपाय आहे, आसऱ्याची बरोबरी त्याला नाही. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावण्यास भ्यावयाचे कारण नाही. मुलांनी तत्काळ मोठ्यांना हाक मारावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप पालकांच्या मोबाईलवर असेल, तर जवळपासच्या विजांची सूचना मिळते.

(आ) जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी. वळवाच्या पावसाने वस्तीतील घाण वाहून विहिरीत व ओढ्यात उतरते, माशा वाढतात, आणि लहान मुलांना हगवण लागते. पाणी गाळून व उकळून घ्यावे, दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावे. तरीही जुलाब झालेच, तर मुलाचे पाणी तोडणे ही मोठी चूक होय. अंगातील पाणी व क्षार निघून जाणे हाच खरा धोका असतो. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणारे ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून पाजावे. पाकीट मिळेपर्यंत १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागू नये. घोट घोट, चमच्याने द्यावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

या साध्या पाण्याचे सामर्थ्य मुलांना एका सत्यकथेने सांगावे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे औषधी पाणी संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले, आणि रुग्णांच्या नातलगांनीच ते त्यांना पाजले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. जीव वाचवणारे हात तेथे घरच्यांचेच होते, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी.

७. स्वाध्याय

१. घरातील थोरांना विचारून वळवाच्या पावसाच्या पाच खुणा लिहून आणा.
२. शाळेजवळची किंवा घराजवळची आसऱ्याची पक्की जागा कोणती, ते नकाशा काढून दाखवा.
३. मीठ-साखरेचे पाणी वर्गात मोजून तयार करा. नंतर घरी आईला करून दाखवा.
४. छपराची लांबी-रुंदी पावलांनी मोजून १० मिलिमीटर पावसात किती हंडे पाणी पडेल, ते काढा.

८. शिक्षकास सूचना

पावसात ज्यांचे घर गळले, पीक गेले किंवा जनावर दगावले, अशी मुले वर्गात असतात. त्यांना वर्गापुढे उभे करून हकीकत विचारू नये. ती आपण होऊन सांगतील तर शांतपणे ऐकावी. अशा घरचे मूल चार दिवस शाळेत आले नाही, तर हजेरीपटावर खूण करून थांबू नये. सायंकाळी त्याच्या घरी जावे. बहुधा असे आढळेल, की आई भिजलेला कांदा निवडीत आहे आणि मूल धाकट्याला सांभाळीत आहे. धाकट्याला अंगणवाडीत पोहोचवण्याची व्यवस्था झाली, तर थोरले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येते.

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून तीन गोष्टी पुन्हा म्हणवून घ्याव्या : गडगडाट ऐकला की घरात, झाडाखाली नाही, जुलाब झाले तर पाणी तोडावयाचे नाही. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पटावरील प्रत्येक नावाला "हजर" असे उत्तर मिळाले, म्हणजे हा पाठ साधला असे समजावे.